फोन एंगेज आहे, पण लावतंय कोण?

लेखमाला : तारेवरचं इंटरनेट – भाग ७

मागच्या आठवड्यात आपण मोडेमची किरकिर समजून घेतली. संगणकातले शून्य-एक आवाजात कसे बदलतात आणि ते आवाज टेलिफोनच्या ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात कसे बसवले जातात, हे पाहिलं. त्या पट्ट्यात एका वेळी एकालाच जागा. त्यामुळे घरात कोणी नेटला बसलं, की बाहेरून फोन लावणाऱ्याला एंगेज टोन. लावणारा वैतागायचा, ते तर झालंच. पण नेटला बसलेल्याला फोन येऊन गेल्याचा पत्ताही लागत नसे. रिंग नाही, कॉलर आयडीच्या डबीवर नंबर नाही, कसलीच नोंद नाही. या अडचणीवर १९९०च्या दशकाच्या अखेरीस काही हुशार उत्तरं निघाली, तीही मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात. ती तिथेच का निघाली आणि चालायची कशी, ते आज पाहू.

तिथेच का?

याचं उत्तर फोनच्या बिलात आहे. तिकडच्या बहुतेक घरांना स्थानिक कॉलचे वेगळे पैसे पडत नसत. महिन्याचं ठरावीक भाडं भरलं की गावातल्या गावात कितीही बोला. त्यात डिसेंबर १९९६मध्ये एओएलने महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवं तितकं इंटरनेट द्यायला सुरुवात केली. फोनचं मीटर नाही, नेटचं घड्याळ नाही. मग तोडायचं कशासाठी? संध्याकाळी जोडलेलं नेट झोपेपर्यंत चालू राहू लागलं आणि फोन तेवढा वेळ अडकून पडू लागला. ज्यांना परवडलं त्यांनी दुसरी लाइन घेतली. बाकीच्यांचा प्रश्न तसाच राहिला.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मीटर दोन ठिकाणी पळत होतं. नेटचे विकत घेतलेले तास कमी होत आणि वर फोनचे पल्सही पडत. त्यामुळे मेल उतरवून घ्यायची, नेट तोडायचं आणि मग निवांत वाचत बसायचं, ही रीत पडली. फोन एंगेज आपल्याकडेही लागायचा, पण त्यावर धंदा उभा राहावा इतका वेळ नेट चालू ठेवणंच बहुतेकांना परवडत नव्हतं.

नंबर असतो कोणाकडे?

आता मुळाशी जाऊ. कॉल लावला की लावणाऱ्याचा नंबर बोलण्याच्या तारेवरून पुढे जात नाही. एक्स्चेंजा-एक्स्चेंजांमध्ये निरोपांची एक वेगळी व्यवस्था असते. तिचं नाव सिग्नलिंग सिस्टिम ७, म्हणजे एसएस ७. कॉल जोडण्याची विनंती या वाटेने जाते आणि तिच्यात कोणाला लावलंय आणि कोण लावतंय, हे दोन्ही नंबर असतात. म्हणजे तुमच्या घरची रिंग वाजण्याआधीच तुमच्या एक्स्चेंजला कॉल कोणाचा ते कळलेलं असतं. लाइन अडकलेली असेल तर ते उलट निरोप पाठवतं. त्यातला कारणाचा क्रमांक १७, अर्थ ‘ग्राहक व्यग्र’. तो मिळाल्यावर लावणाऱ्याच्या कानात एंगेज टोन सुरू होतो.

अडतं ते शेवटच्या टप्प्यात, एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या दोन तारांवर. अमेरिकेत रिंग दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते. पहिल्या रिंगनंतरच्या या शांततेत एक्स्चेंज सेकंदाला १२०० बिट या वेगाने नंबर पाठवून देतं. १२०० हर्ट्झचा सूर म्हणजे एक, २२०० हर्ट्झचा म्हणजे शून्य. पाहिलंत ना? कॉलर आयडीची डबी म्हणजे फक्त ऐकू शकणारा एक छोटा मोडेमच. पण रिंग द्यायची तर फोन ठेवलेला असावा लागतो. मोडेमने लाइन उचललेली असताना रिंग येत नाही, आणि रिंग नाही म्हणून तिच्यामागची माहितीही येत नाही.

म्हणजे नंबर हरवलेला नव्हता. तो घरापासून दोन-चार किलोमीटरवरच्या एक्स्चेंजमध्ये पोचलेला होता. प्रश्न फक्त तो घरात कोणत्या वाटेने आणायचा, एवढाच होता.

पहिली वाट : चालू संभाषणात शिरायचं

दोघं बोलत असताना तिसऱ्याचा फोन आला तर ‘टूं’ असा सूर ऐकवणारी कॉल वेटिंगची सोय आधीपासून होती. अमेरिकेत हा सूर ४४० हर्ट्झचा, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतका. माणसाच्या बोलण्यात त्याने फारसं बिघडत नाही. मोडेमला मात्र तो घाला वाटतो. समोरच्या मोडेमचा आवाज मधेच तुटला की तो किती वेळ वाट पाहील हे एस १० नावाच्या एका रजिस्टरमध्ये ठरवलेलं असे. अनेक मोडेममध्ये ही मुदत १.४ सेकंद. ती संपली की नेट कट. म्हणून लोक नेटच्या नंबरआधी स्टार ७० आणि एक स्वल्पविराम टाकून ठेवत. स्टार ७०ने त्या कॉलपुरतं कॉल वेटिंग बंद होई, आणि स्वल्पविरामामुळे मोडेम दोनेक सेकंद थांबून मग पुढचे आकडे फिरवी. नेट टिकायचं, पण फोन आल्याचं कळायची होती ती एक वाटही लोक आपल्याच हाताने बंद करत.

कॉल वेटिंगमध्ये नंबर दाखवण्याची पद्धत याहून गुंतागुंतीची. एक्स्चेंज आधी २१३० आणि २७५० हर्ट्झ असे दोन सूर एकदम, जेमतेम ८० मिलिसेकंद वाजवतं. मतलब एवढाच, की नंबर पाठवू का? तयार असलेला फोन आपला माइक बंद करून ‘डी’ या बटणाचा सूर परत पाठवतो. हे बटण नेहमीच्या फोनवर दिसत नाही, पण बटणांच्या सुरांमध्ये त्याची जागा राखलेली आहे. हे उत्तर मिळालं तरच नंबर येतो. मोडेमच्या गदारोळात बाजूला लावलेली डबी हे करू शकत नाही, कारण मोडेमला गप्प बसवणं तिच्या हातात नसतं. ते मोडेमनेच करायला हवं.

२०००मध्ये आलेल्या व्ही.९२ या मानकाने ती सोय केली. मोडेम स्वतः तो सूर ओळखे, उत्तर देई, नंबर घेई आणि संगणकाच्या पडद्यावर दाखवी. फोन घ्यायचा ठरवलात, तर तुमचा मोडेम इंटरनेट कंपनीच्या मोडेमकडे सवड मागे. पलीकडून १० सेकंदांपासून १६ मिनिटांपर्यंत किंवा बेमुदत सवड मिळे. कधी साफ नकारही येई. मिळालेल्या वेळात बोलून घेतलं की नेट तिथूनच पुढे चालू. योजना देखणी होती, पण तिला तिघांची संमती लागे : तुमचा मोडेम, तुमची फोन कंपनी आणि तुमची इंटरनेट कंपनी. इंटरनेट कंपन्यांनी आपले मोडेम बदलून व्ही.९२ आणेपर्यंत ब्रॉडबँड दाराशी येऊन ठेपलं होतं.

दुसरी वाट : वळसा घालून

जास्त चालली ती दुसरी युक्ती. तिच्यात कोणाचाही मोडेम बदलावा लागत नव्हता. फोन कंपनीकडे एक जुनी सोय होती, लाइन अडकलेली असेल तर कॉल दुसऱ्या नंबरावर वळवण्याची. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराच्या कॉलवेव्हसारख्या कंपन्यांनी एवढंच सांगितलं : तो दुसरा नंबर आमचा द्या.

पुढचा प्रवास असा. तुम्ही नेटला बसता. संगणकातला छोटा प्रोग्रॅम लगेच कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, की अमुक नंबरचा ग्राहक आत्ता अमुक आयपी पत्त्यावर आहे. तेवढ्यात कोणीतरी तुमचा फोन लावतं. एक्स्चेंजला लाइन अडकलेली दिसते आणि ते कॉल कंपनीकडे वळवतं. वळवलेल्या कॉलच्या निरोपात लावणाऱ्याच्या नंबराबरोबर मुळात कोणाला लावला होता, तो नंबरही असतो. त्यावरून सर्व्हर तुम्हाला ओळखतो आणि इंटरनेटवरून निरोप धाडतो. पडद्याच्या कोपऱ्यात खिडकी उघडते, तिच्यात नंबर. ज्या तारेवर फोनला जागा नव्हती, त्याच तारेवरून फोन आल्याची बातमी घरात पोचते.

इतकंच नव्हे, लावणारा निरोप ठेवू लागला की तो तिकडे बोलत असतानाच तुम्हाला इकडे स्पीकरवर ऐकू येई. डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाला सेकंदाला ६४ हजार बिट लागतात आणि मोडेमची कमाल ५६ हजारांची. पण मोबाइलसाठी तयार झालेल्या जीएसएमच्या पद्धतीने आवाज दाबला की काम १३ हजारांत भागतं. ऐकून ठरवा : नेट तोडून फोन करायचा की नंतर पाहायचं.

फुकट मात्र काही नव्हतं. कॉल वळवण्याचं भाडं फोन कंपनी घेई. वळवलेल्या टप्प्याचे पैसे, पडत असतील तर, ग्राहकाच्याच बिलात येत. आणि तुम्हाला कोणाकोणाचे फोन येतात याची यादी एका तिऱ्हाईत कंपनीकडे जमत जाई. याचा विचार तेव्हा फार थोड्यांनी केला.

आणखी एक उणीव तिकडच्या मराठी घरांना चांगलीच ठाऊक असेल. पुण्याहून किंवा सांगलीहून आईवडिलांचा फोन आला, की डबीवर बहुतेकदा ‘आउट ऑफ एरिया’ एवढंच उमटे. परदेशातून नंबर पुढे आला नाही, तर एक्स्चेंज नंबराच्या जागी तशी खूण पाठवी. वळसा घालून आलेल्या निरोपातही तेवढंच. गंमत अशी, की नंबर न दिसणं हीच कित्येकदा भारतातून फोन आल्याची ओळख ठरे.

आपल्याकडे

भारतातल्या अनेक लाइनींवर कॉलर आयडीची रीतच वेगळी. एक्स्चेंज आधी तारांची धन-ऋण बाजू उलटवतं आणि मग रिंगच्याही आधी, बटणं दाबल्यावर येतात त्याच सुरांत, नंबर पाठवतं. पण लाइन उचललेली असेल तर इथेही तो येत नाही. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजवर कॉल वळवण्याची सोय होती, त्यामुळे मोबाइल असलेल्याला घरचा अडकलेला फोन त्यावर घेता आला असता. मात्र २००३पर्यंत मोबाइलवर येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. तेव्हा एंगेज लागला तर थोड्या वेळाने पुन्हा लावा, हाच आपला तोडगा राहिला.

प्रश्न जुना झाला, पण संपला नाही. ४जीच्या सुरुवातीच्या फोनमध्ये तो नव्या वेषात परत आला. ४जी हे मुळात फक्त डेटाचं जाळं. व्हीओएलटीई, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच बोलण्याची सोय, नसेल, तर कॉल घेण्यासाठी फोनला ३जी किंवा २जीवर उतरावं लागतं. त्यावर मानकात केलेली तरतूद आता ओळखीची वाटेल : उतरण्याआधी जाळं डेटाच्या वाटेनेच कॉल आल्याचा निरोप पाठवतं आणि त्यात लावणाऱ्याचा नंबरही देऊ शकतं, म्हणजे नको असलेला कॉल तिथेच नाकारता येतो. २०१६मध्ये जिओने २जी-३जी न ठेवता थेट व्हीओएलटीईवर सेवा सुरू केली. तिथे उतरायचा प्रश्नच उरला नाही.

तांब्याच्या तारेवर मात्र यावर खरं उत्तर निघालं ते निरोप पोचवण्याच्या खटाटोपातून नव्हे. तार ३४०० हर्ट्झवर संपत नाही, हे अभियंत्यांनी मनावर घेतलं तेव्हा. आवाज खाली, इंटरनेट वर आणि मधे एक छोटी गाळणी. ती डीएसएलची गोष्ट पुढच्या भागात.