केशावरणाची निगा : देहूरोडच्या हवामानात श्वान व मार्जार जातींचा विचार

कुत्रा व मांजर यांच्या अंगावरील केस ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. शरीराचे तापमान व त्वचेचे आरोग्य राखण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. म्हणून त्यांची निगा मालकाच्या हौसेवरून ठरवून चालत नाही. आवरणाची रचना व स्थानिक हवा या दोन गोष्टींवरून ती ठरवावी लागते. या दृष्टीने देहूरोडचे उदाहरण उद्बोधक आहे. पुणे व लोणावळा यांच्या दरम्यान वसलेल्या या छावणीच्या गावी एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८ अंशांच्या आसपास जातो, तर जून ते सप्टेंबर या काळात हवा दमट राहते. उन्हाळा व पावसाळा यांची येथील मागणी परस्परांहून निराळी आहे.

प्रथम रचनेचा विचार करू. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, श्वानजातींच्या केसांतील बहुतेक वैविध्य अवघ्या तीन जनुकांच्या भेदांतून उद्भवते : एक लांबी ठरवितो, दुसरा कुरळेपणा, तर तिसरा राठपणा व तोंडाभोवतीच्या मिशा. व्यवहारात मात्र आवरण एकपदरी की दुपदरी, हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो. जर्मन शेफर्ड, लॅब्रडॉर व हस्की यांच्या अंगावर राठ बाह्यकेशांखाली मऊ, दाट लव असते. दख्खनच्या कारवानी कुत्र्याचे केस आखूड व अंगासरशी बसलेले असतात. त्याच्याच पश्मी प्रकारात कान, पाय व शेपटी यांवर रेशमी झालर आढळते. पूडलच्या केसांचा वाढीचा काळ दीर्घ असल्याने ते फारसे गळत नाहीत, वाढतच राहतात.

या भेदांतूनच निगेचे नियम निघतात. कारवानी कुत्र्यास आठवड्यातून एकदा जाड ओल्या फडक्याने पुसणे पुरते. पश्मीच्या झालरीस मात्र कंगवा लागतो. पूडलचे केस ठरावीक मुदतीने कातरावेच लागतात. दुपदरी आवरणात सुटलेली लव विंचरून काढणे हेच मुख्य काम होय. केसगळतीचा ऋतू मुख्यतः दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. देहूरोडच्या अक्षांशावर सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांहून थोडाच अधिक फरक पडतो. त्यातच घरात रात्री कृत्रिम प्रकाश असतो. त्यामुळे शीत प्रदेशांप्रमाणे गळतीचा एक ठळक हंगाम येथे अपेक्षिता येत नाही. विंचरणे बारमाही ठेवावे लागते.

उन्हाळ्याच्या आरंभी दुपदरी आवरणाच्या कुत्र्याचे सरसकट मुंडन करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती सद्हेतूची असली तरी सदोष आहे. मनुष्य सर्वांगास येणाऱ्या घामाने थंड होतो. कुत्रा प्रामुख्याने धाप टाकून उष्णता बाहेर टाकतो. केस काढल्याने त्यास घामाचा लाभ होत नाही. उलट उन्हापासूनचा आडोसा मात्र जातो. शिवाय काही कुत्र्यांत कातरलेल्या जागी केस पुन्हा येण्यास अनेक महिने लागतात. जुनी लव विंचरून हवेस वाट देणे, सावली व पाणी पुरविणे आणि फिरविण्याची वेळ पहाटेची ठेवणे, हा खरा उपाय होय.

पावसाळ्यातील धोका वेगळा आहे. भिजलेल्या केसांच्या गुंत्यात ओल कोंडते व त्वचा चिघळते. गुंता स्नानापूर्वीच सोडवावा. पाणी लागताच तो अधिक घट्ट होतो. माणसांचा साबण वापरू नये, कारण कुत्र्याची त्वचा मानवी त्वचेहून पातळ व कमी आम्लधर्मी असते. कान, मान व बोटांच्या बेचक्या रोज चाचपाव्यात. तपकिरी गोचिडीमार्फत एर्लिकिया जातीचे जंतू रक्तात शिरतात. त्यामुळे ताप येतो, बिंबाणू घटतात व प्रसंगी रक्तस्राव होतो. विंचरण्याची सवय म्हणजे रोगाची पहिली तपासणीच होय.

मांजर स्वतःचे अंग स्वतः स्वच्छ करते, हा समज आखूड केसांच्या देशी व सयामी मांजरांपुरता बराचसा खरा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, मांजराच्या जिभेवरील काटे टोकाशी पोकळ असून लाळ त्वचेपर्यंत पोहोचवितात. परंतु पर्शियन मांजराच्या दाट आवरणातून ते त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत. तेव्हा त्यास रोज विंचरणे ही चैन नसून गरज आहे. पर्शियन मांजरांत बुरशीजन्य नायटा विशेष आढळतो व तो घरातील माणसांसही होतो, हेही ध्यानात ठेवावे. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशक मांजरास कदापि लावू नये. त्याचे विघटन करण्याची मांजराच्या यकृताची शक्ती तोकडी असून अशा विषबाधेत झटके येऊन मृत्यूही ओढवतो.

सारांश, परदेशी जातीबरोबर तिच्या निगेची परदेशी वेळापत्रके जशीच्या तशी उचलणे हितावह नाही. तसेच माणसाला उकडते म्हणून प्राण्याचे केस उतरविणेही योग्य नाही. आवरण ओळखावे, ऋतू ओळखावा आणि मगच हाती कंगवा घ्यावा की कात्री, हे ठरवावे.