कटकट खरी, समज खोटा

खानदेशात पैशाचा विषय निघाला की गाऱ्हाणी निघतातच. एटीएमनं नोटा दिल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम गेली. दहाचं नाणं दुकानदार घेत नाही. बँक दर तिमाहीला काहीतरी कापते. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये ऐका किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागात, तक्रारी याच असतात आणि बहुतेक रास्त असतात. पण त्यांच्या जोडीला जी कारणं आणि जे उपाय सांगितले जातात, त्यांतले पुष्कळसे ऐकीव असतात. त्या ऐकिवावर विसंबून माणूस हक्काचे पैसे सोडून देतो, नाहीतर कष्टाचे पैसे भलत्याच जागी ठेवतो. या भागाला सगळ्यांत महागात पडलेला समज ठेवींचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

“पतसंस्था काय नि बँक काय, सारखंच. सरकारात नोंद आहे ना!”

सारखं नाही. समज का होतो ते कळतं. काउंटर तसाच, पासबुक तसंच, रोज दुकानावर येऊन पिग्मी नेणारा माणूस ओळखीचा आणि व्याज बँकेपेक्षा थोडं जास्तच. फरक आहे तो कायद्यात. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो आणि तिच्यातल्या ठेवींना डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्याच महामंडळाचा विमा असतो. पतसंस्थेची नोंद होते सहकार खात्याकडे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली. अनेक राज्यांत काम करणारी असेल तर दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे. नोंद झाली म्हणजे संस्था कायदेशीर आहे, एवढाच तिचा अर्थ. ठेव परत मिळेल याची हमी त्या नोंदीत कुठेही नाही.

जळगाव जिल्ह्यानं याची किंमत मोजली आहे. भाईचंद हिराचंद रायसोनी, लोकांच्या बोलण्यातली ‘बीएचआर’, ही जळगावात मुख्यालय असलेली बहुराज्य पतसंस्था. ठेवी परत मिळेनाशा झाल्या, २०१५ मध्ये अध्यक्षांसह संचालकांना अटक झाली आणि त्याच वर्षी संस्थेवर अवसायक नेमला गेला. पुढे ठेवीदारांच्या पावत्या कमी भावात घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जापोटी वळत्या केल्याचे आरोप झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं जळगावात छापे घातले. निवृत्तीचे पैसे ठेवलेल्या माणसावर आपलीच पावती पडत्या भावात विकायची वेळ यावी, याचा मला आजही संताप येतो. या जिल्ह्यात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, “पाच लाखांपर्यंत सरकार देतं.” ते पाच लाख बँकेच्या ठेवीचे. विम्याची मर्यादा पूर्वी १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. पतसंस्थेला हा विमा नाही, मग ती कितीही जुनी आणि सचोटीनं चालवलेली असो. सचोटीच्या पतसंस्था खानदेशात आहेत, त्यांनी छोट्या दुकानदाराला उभं केलं आहे. पण संचालक भला माणूस आहे म्हणून विमा लागू होत नाही, आणि आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवताना हे माहीत असलंच पाहिजे.

पतसंस्थेत पैसे अडकले तर रस्ता आहे, पण लांबचा. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, एमपीआयडी नावानं ओळखला जातो. त्याखाली फिर्याद दाखल झाली की संस्थेची आणि दोषी संचालकांची मालमत्ता जप्त करून, विकून, ठेवीदारांना पैसे वाटता येतात. त्यात वर्षं जातात. मूळ पावती, पासबुक, व्याज मिळाल्याच्या नोंदी तोवर जपून ठेवा आणि कुणी “अर्धे आत्ताच घे, पावती दे” म्हणालं तर कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

उलटा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे: विमा फक्त राष्ट्रीयीकृत बँकांना. तसं नाही. खासगी, ग्रामीण, नागरी सहकारी, जिल्हा मध्यवर्ती सहकारी, सगळ्या बँका यात येतात. जळगावची किंवा धुळे-नंदुरबारची जिल्हा बँकही. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही करावं लागत नाही. मर्यादा मात्र एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांची आहे. एकाच बँकेच्या जळगाव शाखेत तीन लाख आणि चाळीसगाव शाखेत तीन लाख ठेवले तर दोन्हींची बेरीज सहा होते आणि वरचा एक लाख उघडा राहतो. तीच रक्कम दोन वेगळ्या बँकांत ठेवली की पूर्ण झाकली जाते. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदार मुंबईच्या रस्त्यावर आले होते. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला. आता बँकेवर असे निर्बंध आले की विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची आहे, बँक कायमची बंद होण्याची वाट पाहायची नाही.

घरातली ठेवपावती एकदा काढून पाहा. वरच्या ओळीत संस्थेचं पूर्ण नाव असतं. त्यात ‘पतसंस्था’, ‘क्रेडिट सोसायटी’, ‘निधी’ असं लिहिलेलं असेल, तर ती बँक नव्हे. दारावरच्या पाटीत ‘बँक’ शब्द दिसला म्हणूनही थांबू नका. काही सहकारी संस्था तो शब्द बेकायदा वापरतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला होता. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला पाच मिनिटं बसवा.

“एटीएमनं पैसे खाल्ले, आता अर्ज करत फिरा”

रांगेत उभं राहून अर्ज देणारे आजोबा मी पाहिलेत, आणि त्यांना “येतील, येतील” म्हणून परत पाठवणारेही. खरा नियम २० सप्टेंबर २०१९ चा आहे. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम गेली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही खातेदारानं न मागता. यूपीआयनं माणसाला पाठवलेले पैसे समोरच्याला पोचलेच नाहीत, तर मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत. दुकानदाराला दिलेले अडकले तर पाच दिवस. तक्रार केल्याशिवाय भरपाई नाही, हा समज या नियमानं खोटा ठरतो. तरीही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, कारण पुढच्या पायरीवर तोच लागतो. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. वकील लागत नाही, मुंबईला जावं लागत नाही.

चुकीच्या नंबरवर पैसे पाठवले असतील तर गोष्ट वेगळी. व्यवहार पूर्ण झालेला असतो आणि समोरच्याच्या संमतीशिवाय बँक ते ओढून आणू शकत नाही. म्हणून पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा.

“पैसे येणार आहेत, पिन टाका”

जुनी बुलेट विकायला काढलीय, समोरचा लगेच तयार होतो, घासाघीसही करत नाही. ‘अ‍ॅडव्हान्स पाठवतो’ म्हणून एक क्यूआर कोड पाठवतो. हा प्रकार शिरपूरपासून भुसावळपर्यंत सगळ्यांना ऐकून माहीत आहे, तरी माणसं फसतात, कारण मनात पक्कं बसलेलं असतं की पैसे घ्यायलाही काहीतरी ‘मंजुरी’ द्यावी लागते. ती कधीच द्यावी लागत नाही. यूपीआयचा पिन फक्त आपल्या खात्यातून पैसे काढण्यासाठी आहे (शिल्लक पाहायलाही लागतो). पैसे जमा व्हायला पिन नाही, स्कॅन नाही, ओटीपी नाही. एका माणसानं दुसऱ्याला पैसे मागण्याची जी विनंती अ‍ॅपवरून पाठवता यायची, ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे.

‘डिजिटल अरेस्ट’चंही स्पष्ट सांगतो. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कुठलीच तरतूद भारतीय कायद्यात नाही. गणवेशातला माणूस, मागे फलक, टेबलावर तिरंगा, सगळं दिसेल. फोन ठेवून द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हेच सांगितलं होतं.

यानंतरचा समज मला सर्वांत घातक वाटतो: “गेले ते गेले, सांगून काय होणार?” लाजेपोटी लोक घरातही बोलत नाहीत, आणि नेमके ते पहिले तास हातचे जातात. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला की रक्कम ज्या खात्यात गेली तिथे ती रोखण्याची सूचना जाते. तास दोन तास उशीर झाला की ती पुढच्या चार खात्यांत पांगलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना तुमची, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी लगेच कळवण्यात फायदाच आहे. लाज चोरानं बाळगावी.

“दहानं नाणं नही चालत, भो!”

चालतं. दहाच्या नाण्याचे १४ प्रकार निघाले आणि जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलं की सगळे वैध आहेत. एक नाणं तळहातावर घेऊन पाहा. बाहेरचं कडं पिवळं, मधला भाग पांढरा. काहींवर रुपयाचं चिन्ह आहे, काहींवर नाही, कारण ते चिन्हच २०११ पासून नाण्यांवर आलं. काहींवर कड्याकडच्या रेषा दहा तर काहींवर पंधरा. “पंधरा रेषांचं नकली” ही निव्वळ अफवा. बँकेलाही ही नाणी नाकारता येत नाहीत. एका व्यवहारात नाण्यांनी हजार रुपयांपर्यंत देणं कायद्यानं मान्य आहे.

“किमान शिल्लक नाही, आता खातं उणे होईल”

दंड कापता येतो, पण केवळ त्या दंडानं खातं उणे करता येत नाही. हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे.

“सिबिल बघितलं की सिबिल उतरतं”

हे कापूस आणि केळीच्या पट्ट्यात सतत ऐकू येतं, आणि या भीतीपोटी शेतकरी आपली कर्जाची नोंद कधी पाहतच नाही. कर्ज मागितल्यावर बँकेनं नोंद तपासली तर गुणांवर थोडा परिणाम होऊ शकतो. आपण स्वतः पाहिल्यानं होत नाही. अशा नोंदी ठेवणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत, सिबिल त्यांतली एक. आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. “गुण वाढवून देतो” म्हणणाऱ्याच्या हातात तर काहीच नसतं.

शेतीकर्जाबाबत आणखी एक माहिती गावात पोचलेली नाही. १ जानेवारी २०२५ पासून एका शेतकऱ्याला २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जासाठी बँकेनं तारण मागायचं नाही. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. शाखेत जमीन गहाण मागितली गेली तर कारण लेखी मागा.

अहवालात फेडलेलं कर्ज थकीत दिसलं, किंवा न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर दिसलं, तर बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे तक्रार करा. तोंडी सांगून भागवू नका. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात.