कुंडी भरली, पण पाणी आज नको

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी आमच्या बचत गटाला एक मोठी ऑर्डर मिळाली होती. शहरातल्या एका सोसायटीतल्या बायकांना हळदीकुंकवाला दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटायचा कंटाळा आला होता. त्यांनी वाण म्हणून १५० छोटी झाडं मागितली, तीही सक्युलंट, म्हणजे जाड रसाळ पानांची. आम्ही गटातून ९,००० रुपयांचं कर्ज उचललं, रोपं आणली, चिनी मातीचे सुंदर कप आणले. एका दुपारी अंगणात गोल करून बसलो आणि गप्पा मारत मारत सगळे कप भरून टाकले. संध्याकाळी झारी घेऊन प्रत्येकाला पोटभर पाणी घातलं. झाड लावलं की पाणी घालायचं, हे काय कुणाला शिकवावं लागतं? दुसऱ्या दिवशीही घातलं आणि तिसऱ्याही.

आठव्या दिवशी पानं पिवळट आणि काचेसारखी आरपार दिसायला लागली. हात लावला तर लिबलिबीत. एक रोप उचललं तर शेंडा हातात आला आणि मुळं कपातच राहिली. बुडखा काळा पडला होता. १५० मधली जेमतेम ४० झाडं देण्याजोगी उरली. उरलेल्यांचे आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि कर्जाचे हप्ते आम्ही दहा जणींनी स्वतःच्या खिशातून फेडले. आमचं नेमकं काय चुकलं, हे कळायला त्यानंतर बरेच दिवस गेले. तेच आज सांगणार आहोत.

तुमच्यापैकी कित्येकींच्या दारावर कोरफड उलटी टांगलेली असेल. तिला ना माती, ना पाणी, तरी ती महिनोन् महिने हिरवी राहते. कारण तिचं पाणी तिच्या पानातच साठलेलं असतं. शिवाय तुळस, गुलाब अशा झाडांच्या पानांवरची बारीक छिद्रं दिवसा उघडतात आणि उन्हात त्यांतून पाणी उडून जातं. कोरफडीसारख्या झाडांची छिद्रं मुख्यतः रात्री, गारव्यात उघडतात, त्यामुळे पाणी फार कमी जातं. म्हणून तुळस लावल्यावर लगेच पाणी हवंच, नाहीतर दुपारपर्यंत ती मान टाकते. सक्युलंटला ती घाई नसते. आम्ही त्यांना तुळशीसारखं वागवलं, आणि तिथेच फसलो.

आता मुळांकडे या. नर्सरीच्या पिशवीतून रोप काढताना कितीही जपलं तरी बारीक मुळं तुटतात. ती जखमच असते. आपल्याकडे बटाट्याचं बेणं कापल्यावर कापलेली बाजू सुकू देतात, ओल्या जमिनीत तसंच दाबत नाहीत. नाहीतर ते उगवायच्या आधीच सडतं. इथेही तसंच आहे. तुटलेल्या मुळाला खपली धरायला कोरडेपणा लागतो. त्याआधी माती चिंब झाली की बुरशीला आत शिरायला वाट मिळते. आणि चिखलात मुळांना हवाही मिळत नाही.

म्हणून कुंडी कोरड्या किंवा अगदी किंचित ओलसर मातीने भरायची आणि सावलीत, पण उजेडाच्या जागी ठेवून द्यायची. पाणी चार-पाच दिवसांनी घालायचं. कडक उन्हाळ्यात तीन दिवस पुरतात, पावसाळी कोंदट हवेत आठ दिवस थांबलं तरी बिघडत नाही. नुसती फांदी तोडून लावायची असेल तर आधी ती तीन-चार दिवस सावलीत पडू द्या, मग लावा, आणि लावल्यावरही तेवढंच थांबा. या दिवसांत पानं जराशी सुरकुततात. आमच्या गटातल्या एक मावशी अजूनही म्हणतात, ‘अगं, उपाशी ठेवलंस का त्याला?’ पण सुरकुतलेलं पान पाणी मिळालं की परत भरतं. लिबलिबीत झालेलं पान कधीच भरत नाही.

पहिलं पाणी मात्र हात आखडून घालायचं नाही. खालच्या भोकातून गळेपर्यंत घालायचं, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. रोज चमचाभर पाणी घालणाऱ्या बायका आम्हाला फार भेटतात. माया असते, पण त्यानं वरची माती आणि बुडखा सतत ओला राहतो आणि खालची मुळं कोरडीच राहतात.

मग पुढचं पाणी कधी? हे सगळ्याच विचारतात, आणि ‘आठवड्यातून एकदा’ असं उत्तर आम्ही देत नाही. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लास्टिकची उशिरा. गच्चीवर एक हिशेब, खिडकीत दुसरा. खराट्याची काडी तळापर्यंत खुपसा. काडीला ओल किंवा माती चिकटून आली तर थांबा, कोरडी आली तर पाणी घाला. चार वेळा असं केलं की कुंडी नुसती उचलून तिच्या वजनावरून कळायला लागतं. थंडीत माती हळू सुकते, आणि आमची ऑर्डर नेमकी थंडीतली होती.

त्यातून आमच्या कपांना भोकंच नव्हती. तळाशी खडे घातले की भागतं, असं आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. भागत नाही. पाणी बाहेर जात नाही, खड्यांत साचून राहतं. आता आम्ही फरशी बसवणाऱ्या एका दादांकडून कपांना भोकं पाडून घेतो. मातीही बदलली. नुसत्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं, म्हणून निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा, उरलेल्या निम्म्यात चाळलेली माती आणि थोडं गांडूळ खत. नर्सरीतून आलेल्या रोपाभोवती कोकोपीटचा गच्च गोळा असेल तर तो हलक्या हातानं सोडवायचा. तो ओला झाला की आत दिवसचे दिवस ओल राहते, आणि एकदा खडखडीत वाळला की पाणी आत घेतच नाही, कडेनं निघून जातं.

कुजायला लागलेलं झाड लगेच फेकू नका. वरचा शेंडा टणक असेल तर स्वच्छ सुरीनं कापा. आतला गर डाग नसलेला, स्वच्छ दिसेपर्यंत वर वर कापत जा, मग सुकवून नव्याने लावा. आमच्या त्या सडलेल्या झाडांची जी पानं धड होती, ती मावशींनी एका ट्रेमध्ये कोरड्या वाळूमातीवर पसरून ठेवली होती. महिन्याभरानं बऱ्याच पानांच्या देठाशी पानफुटीसारखी इवली पिल्लं दिसायला लागली. त्यातली ६२ या वर्षी विकायला तयार आहेत. प्रत्येक कपासोबत आम्ही एक चिठ्ठी देतो, तिच्यावर लावल्याची तारीख आणि पहिलं पाणी कोणत्या दिवशी घालायचं ते लिहिलेलं असतं.