मोटारीचा मागील स्पॉयलर : उपयोग आणि दक्षता

मोटारीच्या मागील झाकणावर बसविल्या जाणाऱ्या आडव्या पट्टीस स्पॉयलर म्हणतात. मोटार वेगात असताना तिच्यावरून वाहणारी हवा मागील भाग किंचित वर उचलू पाहते. योग्य आकाराची पट्टी हा परिणाम कमी करते. परंतु हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी १२० किलोमीटर वेगाला मिळणाऱ्या लाभाचा केवळ नववा भाग ४० किलोमीटरला उरतो. त्यामुळे बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर ही पट्टी बहुतांशी शोभेचीच ठरते.

तरीही मूळ पट्टी काढून निराळी बसवावयाची झाल्यास जुनी छिद्रे नीट बुजवावीत. अन्यथा पावसाचे पाणी मुरून पत्रा गंजतो. पट्टी केवळ चिकटवून भागवू नये. ती धावत्या मोटारीवरून निखळल्यास मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या जिवावर बेतू शकते. मागील काच व ब्रेकचा दिवा झाकला जाणार नाही, हेही पाहावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार सामान्यतः करता येत नाही. म्हणून वाहनधारकांनी खर्च करण्यापूर्वीच जिल्हा परिवहन कार्यालयात विचारणा करणे हिताचे होय.