लाल गाडीची काळी आसने

गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील लेस्टर येथे माझ्या आतेभावाकडे पंधरा दिवस मुक्काम घडला. इचलकरंजीच्या कापड-व्यवसायातील आमच्या या दादांनी तेथे आपले दुकान थाटले, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. आत्या वयाची ब्याऐंशी वर्षे पार करून त्यांच्याजवळच राहतात. मी पोहोचलो त्याच दिवशी संध्याकाळी दादांनी मला मोठ्या उत्साहाने घरामागील गॅरेजमध्ये नेले. आत एक जुनी, उघड्या टपाची, दोन आसनांची हिरवी गाडी उभी होती. दादांनी दार उघडून मला बसवले. आत्या मात्र उंबऱ्यापाशीच थांबल्या.

"मी नाही बसायची त्यात. ती आसनं चामड्याची आहेत," त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्याने घरात जो विचार सुरू झाला, तो माझ्या मुक्कामभर चालला. जुन्या गाडीला नवे रूप देऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला जे प्रश्न पडतात, ते सारे या निमित्ताने मला जवळून पाहता आले. आपल्या समाजातील अनेक तरुणांना आता हा छंद जडू लागला आहे, म्हणून तो वृत्तांत येथे थोडा विस्ताराने देत आहे.

गाडी होती एमजीबी, 1967 सालची. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन या लहानशा गावातील कारखान्यात 1962 पासून 1980 पर्यंत ही गाडी तयार होत होती आणि त्या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांतील बहुसंख्य परदेशी, विशेषतः अमेरिकेला गेल्या. 1798 सीसीचे चार सिलिंडरचे साधे इंजिन, ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग आणि मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यातील किंमत हे तिच्या लोकप्रियतेचे गमक होते. आजच्या साध्या कौटुंबिक गाड्याही तिला वेगात सहज मागे टाकतात. तरीही तिचे चाहते कमी झालेले नाहीत, कारण तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. इतकेच काय, 1988 पासून मूळ कारखान्याच्या साच्यांवर दाबून काढलेले तिचे संपूर्ण कोरे सांगाडेही विकत मिळू लागले. ज्या वस्तूचे सर्व भाग बाजारात उपलब्ध आहेत, तिच्यात बदल करण्याचा मोह आवरणे कठीण असते.

दादांची गाडी हिरवी दिसत होती, पण ती जन्मतः हिरवी नव्हती. आसनांखालचा गालिचा उचलताच खालून लाल रंग डोकावला. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जतन केलेल्या असून ठरावीक शुल्क भरल्यावर गाडीचे प्रमाणपत्र मिळते. त्याला गाडीचा जन्मदाखलाच म्हणावयास हरकत नाही. दादांनी तो मागवला होता. त्यात लिहिले होते: रंग टार्टन रेड, आसने काळी, त्यांना लाल गोट. म्हणजे मधल्या कोणा मालकाने हौसेने तिला हिरवा रंग चढवला होता.

माझ्या पुतण्याला तो हिरवाच ठेवावयाचा होता. त्यावर दारांवर पांढरी वर्तुळे, रुंद चाके आणि पुढे दिव्यांची रांग, असे शर्यतीच्या गाडीचे चित्र त्याच्या मनात तयार होते. हिरव्या रंगाचा इतिहास त्याला पाठ होता. 1903 साली गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत ब्रिटनकडे आली. ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यांवर अशा शर्यतीस परवानगी नसल्यामुळे ती आयर्लंडमध्ये भरवण्यात आली आणि यजमान भूमीच्या सन्मानार्थ ब्रिटिश गाड्यांनी हिरवा रंग धारण केला. पुढे तोच ब्रिटनचा शर्यतीचा रंग म्हणून रूढ झाला. (ती शर्यत मात्र जिंकली मर्सिडीजमधून आलेल्या बेल्जियमच्या जेनात्झीने! हे पुतण्याने सांगितले नाही, दादांनी सांगितले.)

रंगाचा वाद वरवरचा वाटला तरी बाह्यांगाच्या कामात आधी पाहावयाचे ते रंगाखाली दडलेले असते. एमजीबीला स्वतंत्र चासी नाही. टप नसलेल्या या गाडीचा बहुतेक सारा भार दारांखालच्या लांबट पेट्यांवर पडतो. आपण त्यांना गाडीचे उंबरेच म्हणू. हे उंबरे पत्र्याचे अनेक थर जोडून बनवलेले असतात आणि आतून गंजतात. बाहेरून पुट्टी भरून रंग मारला की पाहणाऱ्याला सारे धडधाकट भासते. दादा कापडाचे व्यापारी. मालाची पारख उलट बाजूने करावयाची, हा त्यांचा जन्माचा परिपाठ. ते लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरले होते. उंबऱ्यांवर एका ठिकाणी चुंबक चिकटेना. तेथे पुट्टीखाली पत्रा उरलाच नव्हता. बॉनेटवरही तो चिकटला नाही, तेव्हा पुतण्याने कपाळाला हात लावला. पण ते शुभलक्षण निघाले. सुरुवातीच्या वर्षांतील एमजीबीचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असे. पन्नासाहून अधिक वर्षे ते मूळचे टिकून होते.

उंबरे कापून नवे बसवताना दारांच्या चौकटीत आधी लोखंडी आधार जोडावा लागतो. तसे न केल्यास गाडी मध्यभागी खचते आणि दारे पुन्हा कधीही नीट लागत नाहीत. अशी बिघडलेली एक गाडी दादांनी मला नंतर दाखवली. तिचा रंग आरशासारखा चकाकत होता आणि दार लावण्यासाठी ते उचलून धरावे लागत होते.

बाह्यांगातील सर्वांत मोठा बदल याच गाडीच्या उत्तर काळात कारखान्यानेच केला होता. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे 1974 साली चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन त्यांच्या जागी जाड काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची सुमारे दीड इंच वाढवण्यात आली. त्यामुळे वळणावर ती पूर्वीपेक्षा अधिक झुकू लागली. आज अनेक हौशी मंडळी ते रबर काढून पुन्हा क्रोम बसवतात. त्यासाठी पुढचे-मागचे पत्रे कापावे लागतात, गाडी खाली आणावी लागते आणि खर्चही बराच येतो. मला स्वतःला ती काळी बंपरची गाडी विशेष कुरूप वाटली नाही. पण हे मत त्या मंडळींत बोलून दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही.

अखेर दादांनी एक नियम घातला: जो बदल पुन्हा पूर्ववत करता येईल तो मुलाने खुशाल करावा, ज्यासाठी मूळ पत्रा कापावा किंवा छिद्र पाडावे लागेल तो करू नये. या नियमाने अर्धे वाद आपोआप मिटले. लाकडी कड्याचे स्टिअरिंग चार-सहा स्क्रूंनी बसते, म्हणून ते मंजूर झाले आणि मूळचे बारीक तारांच्या आऱ्यांचे स्टिअरिंग कापडात गुंडाळून माळ्यावर गेले. डॅशबोर्डवर अक्रोडाच्या लाकडाची फळी चिकटवण्याचा बेत नामंजूर झाला. एमजीबीचा मूळ डॅशबोर्ड काळ्या, खरखरीत रंगाचा, पत्र्याचा असतो. लाकडी थाट ही या गाडीत नंतरच्या मालकांनी आणलेली कल्पना आहे. मोबाइलसाठी विजेची खोबणी बसवताना मात्र पेच पडला. 1967 पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. तसेच नवे उपकरण जोडले असते तर ते क्षणात जळाले असते. आधी सारी जोडणी उलटवून घ्यावी लागली.

दादांनी या सर्वांची एक वहीच घातली आहे. तारीख, काढलेला भाग, बसवलेला भाग, काढलेला कोठे ठेवला, खर्च किती. ही वही विम्याच्या कामीही येते, कारण बदल विमा कंपनीला कळवावे लागतात. रंग बदलला तर त्याची नोंद वाहनाच्या सरकारी कागदपत्रातही करावी लागते. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतून सूट मिळते. परंतु गेल्या तीस वर्षांत तिच्या सांगाड्यात, इंजिनात किंवा चाकांच्या यंत्रणेत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट आहे. आसने व रंग त्यात मोडत नाहीत.

आणि आता आसने. या गाडीत सर्व काही चामड्याचे नव्हते. बसावयाचा व पाठ टेकावयाचा दर्शनी भाग तेवढा चामड्याचा. बाजू, मागचा भाग आणि दारांची अस्तरे पहिल्यापासून रेक्झिनची. परंतु तो दर्शनी भाग मूळचा होता, भेगाळलेला असला तरी शिवण शाबूत. जुन्या गाड्यांच्या जाणकारांत अशा मूळ आसनांना मोठा मान असतो. दादांचे म्हणणे असे, की ज्या जीवाची हिंसा झाली ती अर्ध्या शतकापूर्वी; आपण काही ती केली नाही, करवली नाही. मूळ आसने ठेवण्यात नवा दोष कोणता?

आत्या म्हणाल्या, "केली नाहीस, करवली नाहीस, खरं आहे. पण लोक येऊन वा वा करतील आणि तू मान डोलावशील. ते अनुमोदन नाही होय?"

दादांना उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्याने सुचवले, की आसनांची आवरणे काढून विकून टाकू. चांगली किंमत येईल. ते ऐकताच आत्यांनी श्रावकाला वर्ज्य असलेली पंधरा कर्मादाने म्हणून दाखवली. दंतवाणिज्यात केवळ हस्तिदंतच नव्हे, तर केस, नखे, हाडे आणि कातडेही येते, हे त्या मुलाला त्या दिवशी प्रथम कळले. मलाही ते स्पष्टपणे ठाऊक नव्हते, हे कबूल करतो.

तिढा सोडवला वहिनींनी. त्या म्हणाल्या, "आई, फेकून दिली तर ज्याला अशी हवी आहेत तो नवं चामडं विकत घेणार. त्याला हीच दिली, तर तेवढं तरी टळेल." आत्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "दे. पण एक पैसा घेऊ नकोस."

शहरातील एक वृद्ध गृहस्थ त्याच वर्षीची गाडी दुरुस्त करीत होते आणि त्यांच्या आसनांचे चामडे उंदरांनी कुरतडले होते. आवरणे त्यांना दिली. ते पैसे देऊ लागले, दादांनी नाकारले. कारण सांगितल्यावर त्या गृहस्थांनी काही क्षण आवरणांकडे पाहिले, आभार मानले आणि ती घेऊन गेले. त्यांना काय वाटले असेल, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला उमगले नाही.

नवी आवरणे काळ्या रेक्झिनची, लाल गोटाची, मूळच्याच उभ्या पट्ट्यांची. अशी तयार आवरणे चामड्यात व रेक्झिनमध्ये दोन्ही मिळतात आणि रेक्झिनची बरीच स्वस्त पडतात. दादांनी नमुने मागवून प्रत्येकाची उलट बाजू पाहिली. विणलेल्या अस्तराचे रेक्झिन ताणले असता वळणावर नीट बसते. घट्ट कापडी अस्तराचे कोपऱ्यात सुरकुतते. आसनाच्या बैठकीखाली स्प्रिंगांऐवजी रबराचा ताणलेला पडदा असतो, तो फाटला होता, तोही बदलला. आवरण चढवण्यापूर्वी ते उन्हात ठेवून मऊ करून घेतात, हे मी तेथेच पाहिले. एक गमतीची गोष्ट अशी, की 1970 च्या सुमारास कारखान्यानेच चामडे सोडून या गाडीला रेक्झिन लावावयास सुरुवात केली होती. म्हणजे दादांची गाडी कारखान्याच्या तीनच वर्षे पुढे गेली, इतकेच.

गाडीला टार्टन रेड रंग लागला. पुतण्याने पांढरी वर्तुळे सोडून दिली, पण तारांच्या आऱ्यांची चाके मिळवलीच. या चाकांना चार नट नसतात. मध्यभागी एकच मोठी चाकी असते आणि ती हातोड्याने ठोकून घट्ट करावी लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी दादा त्यासाठी हातोडा घेऊन आले. आत्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. एका तोंडाला तांबे होते, दुसऱ्या तोंडाला पिवळसर, घट्ट गुंडाळलेले काहीतरी.

"हे काय रे?"

दादांनी वेष्टणावरचे बारीक अक्षर वाचले. कच्चे कातडे. पुतण्या मोठ्याने हसला. दादा काही न बोलता पावती शोधू लागले, आणि अर्ध्या तासाने तांबे व नायलॉनचा हातोडा घेऊन परतले. वहीत त्याचीही नोंद झाली.