गप्पा रंगतात त्या ऐकणाऱ्यामुळे

बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात, असं आपल्याकडे म्हणतात. गप्पांच्या बाबतीतही आपला हिशेब असाच असतो. मित्रमंडळात, लग्नघरात किंवा कट्ट्यावर एखादा बोलका माणूस असतो. तो आला की बैठक रंगते, तो उठला की बाकीचे घड्याळ बघू लागतात, आणि रंगण्याचं सगळं श्रेय त्याच्या जिभेला मिळतं. यातूनच एक समज पक्का झाला आहे, की गप्पा मारता येणं ही उपजत देणगी आहे. ज्यांना चटकन विनोद सुचत नाही, किस्से आठवत नाहीत, ते मग आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसतात. पण माणसं समोरासमोर बसून नेमकं कसं बोलतात, याचा गेल्या पन्नासेक वर्षांत जो बारकाईने अभ्यास झाला, तो या समजाच्या विरुद्ध साक्ष देतो. गप्पांचा बराचसा भार ऐकणारा उचलत असतो, आणि ऐकण्याचं कसब कमावता येतं.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत मोलाचा आहे. दोन माणसं समोरासमोर बसवायची. एकाने आपण कधीतरी थोडक्यात कसे बचावलो याची हकीकत सांगायची, दुसऱ्याने ती ऐकायची. काही जोड्यांमधल्या ऐकणाऱ्याला मात्र एक वेगळं काम दिलेलं होतं: समोरच्याच्या बोलण्यात ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात, ते मोजत राहायचं. हा ऐकणारा शब्दन् शब्द टिपत होता, पण गोष्टीत त्याचा जीव नव्हता. ऐन धोक्याच्या क्षणी त्याच्या भुवया वर जात नव्हत्या, तोंडून ‘बाप रे!’ निघत नव्हतं. याचा परिणाम दिसला तो सांगणाऱ्यावर. त्याची गोष्ट घसरली, आणि सर्वांत जास्त घसरली ती शेवटाकडे, जिथे ती चढायला हवी होती तिथेच. शेवट तुटक झाले, लांबत गेले, किंवा प्रसंग धोक्याचा कसा होता याची सफाई देण्यात विरून गेले. माणूस तोच, अनुभवही त्याचाच. फक्त समोरचा चेहरा कोरा राहिला आणि चांगली हकीकत फसली. म्हणजे रंगतदार गोष्ट सांगणाऱ्याच्या मनात आधीच तयार नसते. ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बघत तयार होते.

आपल्या कथनपरंपरेने हे प्रयोगाविना ओळखलं होतं. घरात रात्री गोष्ट सांगितली जाई तेव्हा मुलांनी ‘हूं’ म्हणत हुंकार द्यायचा असे. हुंकार थांबला की गोष्टही थांबे. गोंधळात आख्यान लावणारा नाईक एकट्याने बोलत नाही. त्याचा साथीदार मध्येच भाबडा प्रश्न विचारतो, शंका काढतो, आणि त्या प्रश्नाच्या आधाराने आख्यान पुढे सरकतं. ज्ञानेश्वरी तर सतत श्रोत्यांना उद्देशून बोलते. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव इतर काही सांगण्याआधी श्रोत्यांचं अवधान मागतात. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं, आणि दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी याच क्रमाने निरूपण केलं आहे. या सगळ्यांचा विषय ओट्यावरच्या गप्पा नव्हता, हे उघड आहे. पण ऐकणं हेही एक काम आहे आणि ते नीट न केल्यास सांगणं ढासळतं, ही जाण त्यात स्पष्ट दिसते.

हे काम किती झटपट चालतं, ते पाहण्यासारखं आहे. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अभ्यासकांनी १९७४ साली एका निबंधात दाखवून दिलं, की साध्या गप्पांनाही काटेकोर शिस्त असते: एका वेळी बहुधा एकच जण बोलतो, आणि पाळी बदलते ती फारसा खंड न पडता. पुढे २००९ साली नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना केली. प्रश्न आणि उत्तर यांच्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचंच अंतर पडतं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. उलट एखादा शब्द मनात जुळवून उच्चारायलाच सहाशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ, समोरच्याचं वाक्य संपण्याची वाट बघून कुणी उत्तर जुळवत नाही. ऐकणारा वाक्य कुठे वळणार, कुठे संपणार याचा अंदाज बांधत असतो आणि त्याच वेळी आपलं उत्तर तयार करत असतो. त्यात सुरावर लक्ष, नजरेवर लक्ष, हाताच्या हालचालीवर लक्ष. मन लावून मारलेल्या गप्पांचं सुख बहुधा इथेच असावं. आपला अंदाज बरोबर निघतो, समोरचा आपलं अर्धं वाक्य पूर्ण करतो, दोघं एकाच क्षणी हसतात. जिथे अंदाज चुकतो तिथे ‘आँ?’ किंवा ‘कोण म्हणालास?’ असं विचारून दुरुस्ती होते. बारा भाषांमधल्या अशा दुरुस्त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या दर दीड मिनिटाच्या आतच एकदा होतात असं आढळलं. तेव्हा ‘कळलं नाही, परत सांग’ म्हणण्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. चांगल्या संभाषणात हे सतत चालूच असतं.

मग प्रश्न येतो, की यासाठी समोरासमोरच का बसायचं? मुलगी अमेरिकेत, आईवडील साताऱ्यात. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, अजून काय हवं? या कुटुंबांसाठी फोन हे वरदान आहे, यात वाद नाही, आणि नुसत्या आवाजातूनही माणसाचं मन बरंच कळतं. पण झूमवरच्या आणि समोरासमोरच्या संभाषणांची तुलना केली गेली तेव्हा पाळी बदलताना पडणारं अंतर झूमवर काही पटींनी वाढलेलं दिसलं. सेकंदाच्या पाचव्या भागावर चालणाऱ्या व्यवहारात एवढ्या विलंबानेही लय मोडते. दोघं एकदम बोलू लागतात, दोघं एकदम थांबतात, ‘तू बोल, तू बोल’ सुरू होतं. हुंकार उशिरा पोचतो, हसू पुढच्या वाक्यावर येऊन पडतं. नजर तर कधीच नीट मिळत नाही, कारण कॅमेरा एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे. पडद्यावर मजकूर पोचतो, पण सांगणाऱ्याला सावरणारे ऐकणाऱ्याचे बारीकसारीक इशारे गळून जातात. म्हणून दुरून बोलायला फोन जरूर वापरावा. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसलेल्यांनी मात्र तो मध्ये आणू नये. हातातल्या फोनकडे बघत ‘हां, हां, बोल ना’ म्हणणारा माणूस आणि प्रयोगात अक्षरं मोजणारा तो ऐकणारा, यांत फारसा फरक नाही.

ऐकण्याचं कसब म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे. त्याचा पहिला घटक आहे प्रश्न, तोही समोरच्याच्या बोलण्यातूनच निघालेला. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की संभाषणात जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला अधिक आवडतात, आणि त्यातही ‘मग पुढे काय झालं?’ या जातीच्या प्रश्नांचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे नेमकी याच जागी पंचाईत होते. कुणी गुडघेदुखीची गोष्ट काढली, की ‘आमच्याकडे तर याहून वाईट झालं होतं’ म्हणत दुसरा आपलं घोडं पुढे दामटतो. तिसरा न मागितलेला सल्ला देतो आणि डॉक्टरचा पत्ताही सांगून मोकळा होतो. दोघांचा हेतू चांगलाच असतो, पण मूळ गोष्ट मात्र तिथेच मरते. दुसरा घटक संख्येचा. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या निरीक्षणानुसार एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात, पाचवं आलं की गट फुटतो. मोठ्या पंगतीत मन मोकळं होत नाही याचं कारण माणसांच्या स्वभावात शोधू नये. तिथे दोन-दोन, तीन-तीनच्या गप्पा होऊ द्याव्यात. तिसरा घटक आहे उठण्याचा. ‘निघतो’ म्हणून दारात अर्धा तास उभं राहण्याची आपली रीत प्रसिद्धच आहे. पण २०२१ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातही फक्त सुमारे २ टक्के संभाषणं दोघांनाही हवी तेव्हा संपली होती. म्हणजे हा घोळ जगभरचा असावा. समोरच्याला अजून बसायचंय की उठायचंय, हेही ऐकणाऱ्यानेच ओळखायचं असतं.

‘आम्ही मुळातच अबोल, आम्हाला हे जमायचं नाही,’ अशी तक्रार यावर होते. प्रत्यक्षात भीती अनुभवापेक्षा मोठी असते, असं दिसतं. शिकागोच्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी लोकल गाडीतल्या प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं. लोकांचा अंदाज होता, की त्यापेक्षा एकट्याने बसलेलं बरं. बोललेल्यांचा प्रवास मात्र अधिक सुखाचा झाला. २०१८ सालच्या एका अभ्यासात असंही आढळलं, की पहिल्या भेटीनंतर आपण समोरच्याला कितपत आवडलो याचा अंदाज माणसं सरसकट कमीच बांधतात. शिकागोचा निष्कर्ष अर्थात मुंबईच्या गर्दीला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, आणि अनोळखी पुरुषाशी बोलावं की नाही हे ठरवताना बाईला जो विचार करावा लागतो, तो कुठल्याही प्रयोगापेक्षा महत्त्वाचा आहे. तरी अबोल माणसाला यातून धीर मिळावा. त्याला किस्सेबहाद्दर व्हायचंच नाही. पु. ल. देशपांड्यांचं ‘बटाट्याची चाळ’ हा एकपात्री प्रयोग होता. तिथे एकाने बोलायचं आणि सभागृहाने हसायचं, ही एक स्वतंत्र कला आहे. दिवाणखान्यात मात्र कुणी रंगमंच उभारला, तर बाकीच्यांना प्रेक्षक व्हावं लागतं.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. जुन्या पारावरच्या, चावडीवरच्या गप्पांचे गोडवे गाताना आपण विसरतो, की तिथे बसण्याचा मान सगळ्यांना नव्हता. बायका नसत, आणि कुणी कुठे बसायचं हे जात ठरवत असे. घरातही वडीलधाऱ्यांनी बोलायचं आणि सुनेने मान खाली घालून ऐकायचं. पिढ्यानपिढ्या ज्यांना फक्त ऐकायलाच लावलं, त्यांना पुन्हा ‘ऐकायला शिका’ हा उपदेश करणं क्रूरपणाचं होईल. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याने मूळ मुद्दा खोडला न जाता नेमका होतो. सक्तीचं ऐकणं हे ऐकणंच नव्हे. त्यात प्रश्न विचारायची मुभा नसते, ‘आँ?’ म्हणायचीही नसते. ऐकण्याची जबाबदारी पहिली त्यांची, ज्यांच्याकडे बोलण्याची पाळी न मागता येते: घरातला कर्ता, कचेरीतला साहेब, वर्गातला शिक्षक, मित्रांमधला बोलका. अशा माणसाने प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलं, तर त्या बैठकीत आजवर न उमटलेले आवाज ऐकू येतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी काही सांगू लागलं, की एवढंच करून पाहा: फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आपला किस्सा आणि आपला सल्ला दोन्ही जरा मागे राहू द्या, आणि त्या माणसाच्या शेवटच्या वाक्यातून निघणारा एक प्रश्न विचारा. उत्तर पुरतं ऐकून झाल्यावर आपलं सांगायला वेळ उरतोच.