फिरत्या घरांचे सांधे

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर 10 फिरत्या घरांपैकी साधारण 8 इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला, एल्कहार्ट शहराच्या आसपास तयार होतात. तिथे त्यांना सरसकट आरव्ही म्हणतात. गाडीमागे ओढायचा ट्रेलर, पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवून न्यायचं फिफ्थ व्हील, स्वतःचं इंजिन असलेलं मोटरहोम, सगळं त्यातच आलं. हा धंदा हौसेवर चालतो, त्यामुळे मंदीचा पहिला तडाखा यालाच बसतो. 2009 च्या वसंतात एल्कहार्टमधली बेकारी 20 टक्क्यांच्या घरात गेली होती. 2021 मध्ये, करोनाने घरात कोंडलेले लोक बाहेर पडायला आसुसले, तेव्हा याच उद्योगाने वर्षभरात 6 लाख आरव्ही बाजारात पाठवल्या.

मागणीचा हा चढउतार थेट भिंतींत उतरतो. इथल्या बऱ्याच कारखान्यांत मजुरी नगावर मिळते. पहाटे काम सुरू होतं आणि दिवसाचे ठरलेले नग झाले की माणसं दुपारी घरी जातात. कारागिरांत आमिश समाजाचे लोक पुष्कळ आहेत, ज्यांच्या घराण्यात सुतारकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. त्यामुळे हात कच्चे आहेत असं कुणी म्हटलं तर मला ते अन्यायाचं वाटतं. पण तिरका बसलेला स्क्रू काढून पुन्हा बसवायला जी दोन मिनिटं लागतात, त्यांचे पैसे नगावरच्या मजुरीत कुणालाच मिळत नाहीत. मग तो स्क्रू तसाच डीलरकडे जातो आणि डीलरकडून गिऱ्हाइकाकडे.

गाडीच्या दाराशेजारी उद्योग संघटनेचा शिक्का चिकटवलेला असतो. नवखा गिऱ्हाईक तो पाहून निर्धास्त होतो. तो शिक्का गॅस, वीज, नळकाम आणि आगीतून बाहेर पडायची वाट यांच्या नियमांपुरता आहे. छप्पर किती वर्षं टिकेल, कप्पे नीट बसतात का, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. मालकीही मोजक्या हातांत आहे. थॉर, बर्कशायर हॅथवेच्या मालकीची फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो हे तीन समूह बहुतेक बाजार व्यापतात. खाली लागणारी चॅसी, फ्रिज, खिडक्या, भिंत बाहेर सरकवायची यंत्रणा हे सगळं त्याच थोड्या पुरवठादारांकडून येतं. म्हणून कंपनीच्या नावाआधी मी विचारतो, ही गाडी कुठल्या पद्धतीने बांधली आहे आणि तिला सांधे किती?

कारण आरव्हीला मारतं ते पाणी. इंजिन नाही, टायर नाहीत, पाणी.

सगळ्यात स्वस्त पद्धत लाकूड-पत्र्याची. दीड इंची लाकडी पट्ट्यांची चौकट, ती स्टेपलने जोडलेली, पट्ट्यांमध्ये काचलोकर, आतून पातळ प्लायवूड आणि बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियम. अशा जुन्या ट्रेलरचा कोपरा जवळून बघावा. कडेच्या पट्टीत बसवलेली व्हिनाइलची फीत उन्हाने आकसलेली असते. ती नखाने उचलली की खाली स्क्रूंची रांग दिसते, आणि त्यातले काही गंजून तांबूस झालेले असतात. गंजका स्क्रू हाताने फिरवला तर फिरतो, कारण मागचं लाकूड कुजून भुसा झालेलं असतं. पत्र्यामागची चिकटपट्टी वाळून चिरली आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी सांधा केसभर उघडला, एवढ्यावर हे सगळं होतं. तरीही ही पद्धत मी वाईट म्हणणार नाही. पत्रा उतरवून, कुजकी पट्टी कापून, नवी बसवणं कुठल्याही सुताराला जमतं.

तिच्या वरच्या किमतीला मिळते ती गुळगुळीत, चकचकीत भिंत. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, त्यात फोम, दोन्ही बाजूंनी लुआन जातीचं पातळ प्लायवूड आणि बाहेर फायबरग्लासचा थर, हे सगळं गोंदाने एकजीव केलेलं. दिसायला देखणी आणि वजनाला हलकी. पण खिडकीच्या चौकटीतून पाणी आत शिरलं की लुआनचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. हा फुगा परत बसत नाही. अख्खी भिंत बदलावी लागते आणि तो खर्च पुष्कळदा गाडीच्या उरलेल्या किमतीपेक्षा जास्त होतो. अलीकडे काही उत्पादक लुआनऐवजी ॲझडेल हे प्लास्टिक आणि काचतंतूंचं मिश्रण वापरतात, त्यात कुजायला लाकूडच नसतं. गिऱ्हाइकाने जास्तीचे पैसे मोजावेत अशा मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे.

प्लायवूडच्या गोंदाने एकदा याहून गंभीर प्रसंग आणला. 2005 च्या कतरिना वादळानंतर सरकारने बेघरांसाठी लाखाहून जास्त ट्रेलर आणि फिरती घरं घेतली. सुट्टीच्या चार दिवसांसाठी बांधलेल्या त्या ट्रेलरमध्ये कुटुंबं महिनोन् महिने राहिली. डोळे चुरचुरणं, खोकला, डोकेदुखी अशा तक्रारी वाढल्या. 2008 मध्ये सरकारी आरोग्य संस्थेने 519 घरांच्या हवेचे निकाल जाहीर केले, तेव्हा गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण सरासरी 77 पीपीबी (अब्जामागे 77 भाग), म्हणजे नेहमीच्या घरांपेक्षा बरंच जास्त निघालं. त्यानंतर 2010 मध्ये गोंदाने जोडलेल्या अशा लाकडासाठी देशव्यापी कायदा झाला.

आता माझी आवडती जात. 1968 मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये रे ओलेको यांनी बोलर नावाचा 13 फुटी ट्रेलर काढला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची मैलाटाकी बनवली होती. टाकी गळून चालत नाही, हाच हिशेब त्यांनी घराला लावला. साच्यात घडवलेली दोन अर्धुकं, वरचं आणि खालचं, मध्ये पट्ट्यासारखा फिरणारा एकच आडवा सांधा. कोपऱ्यात जोड नाहीत, छपराला कडा नाही. मिनेसोटातला स्कॅम्प आणि टेक्सासमधला कॅसिटा याच कुळातले. आत जागा बेताची, उंच माणसाला पलंगावर पाय दुमडावे लागतात. पण पन्नाशी गाठलेले बोलर आजही रस्त्यावर दिसतात.

एअरस्ट्रीम ट्रेलरची कीर्ती वेगळी. वॉली बायम यांनी विमानबांधणीतून आलेली ही चंदेरी, गोल कवचाची पद्धत 1936 च्या क्लिपर मॉडेलपासून रुजवली. 1952 पासून ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला हे ट्रेलर बनतात. रिव्हेट ठोकताना दोघं लागतात, एक बाहेरून हातोडा-यंत्र धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवतो. दोघांचा मेळ चुकला की पत्र्याला पोचा येतो आणि तो लपत नाही. कवच दीर्घायुषी खरं, पण जुन्या एअरस्ट्रीममध्ये खालची प्लायवूडची जमीन मागच्या टोकाला कुजलेली हमखास सापडते. वरून चंदेरी झळाळी पाहून किंमत ठरवणाऱ्याने वाकून मागच्या कोपऱ्यातली जमीन दाबून पाहावी.

मोटरहोममध्ये तर मोठेपणा आणि मजबुती यांचं नातंच उलटसुलट आहे. क्लास बी म्हणजे स्प्रिंटर किंवा ट्रान्झिटसारखी व्हॅन, आत घर केलेली. पोलादी अंग मूळ मोटार कारखान्याचं, त्यामुळे गळती कमी आणि अपघातात संरक्षण जास्त. क्लास सीमध्ये पुढची केबिन मोटार कंपनीची, मागचं घर आरव्हीवाल्याचं. आपली मंडळी यलोस्टोनला जाताना भाड्याने घेतात ती बहुधा हीच. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेल्या पलंगाच्या कोपऱ्यात आधी ओल येते, तिथे हात फिरवून बघावा. क्लास ए आकाराने बसएवढं, पण त्यात मोटार कंपनीकडून फक्त इंजिनासह चॅसी येते. काचेपासून ड्रायव्हरच्या आसनाभोवतीच्या भिंतींपर्यंत बाकी सगळं आरव्हीवाला बांधतो, आणि बहुतेकांत एअरबॅगही नसतात. याला अपवाद क्युबेकच्या प्रेव्होस्ट बसचा. त्यात खऱ्या प्रवासी बसचं स्टेनलेस पोलादी अंग घेऊन आत घर करतात, आणि किंमत 20 लाख डॉलरच्या पुढे जाते.

बाहेर सरकणारी भिंत, स्लाइड-आउट, 1990 पासून पसरली आणि घरं ऐसपैस झाली. बांधणीच्या दृष्टीने ते भिंतीला पाडलेलं दारापेक्षा मोठं भोक आहे, आणि पाणी अडवायला त्याच्या कडेला फक्त रबराची पट्टी असते. नवं घेणाऱ्यांनी एक स्लाइड कमी घ्यावी, असं मी आग्रहाने सांगतो. ताबा घेण्याआधी स्वतंत्र तपासनीस बोलावावा. त्याने छपरावर चढून प्रत्येक सांधा पाहावा आणि ओलावा मोजायचं यंत्र भिंतींवर फिरवावं. घरच्या भागाची हमी बहुधा एकच वर्ष असते, आणि अनेक राज्यांतले सदोष वाहनांचे कायदे मोटरहोमच्या इंजिन-चॅसीला लागू होतात, मागच्या घराला होत नाहीत.